वन्सं, आम्ही संदकफूला जाणार आहोत

ती. वन्सं,


नोव्हेंबरात आम्ही दोघं हिमालयात संदकफूला चालत जाणार, हे कळल्यापासून तुमचा जीव थाऱ्यावर नाही, हे मला ठाऊक आहे. ‘त्याला आवर घाल, साठी उलटली, बीपीची गोळी चालू आहे, तिकडे काही झालं तर आपलं कोण आहे?’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी तेव्हा फार बोलले नाही. आई गेल्यावर ह्यांना तुम्ही वाढवलंत. तुमच्या काळजीला दोन वाक्यांत उत्तर देऊन फोन ठेवणं मला जमलं नसतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आणि जाहीर लिहिते आहे, कारण आमच्या वयाची किती तरी जोडपी डोंगराकडे डोळे लावून घरात बसून आहेत, आणि ‘आता कशाला?’ हा घरच्यांचा प्रश्न त्यांना उंबऱ्यावरच थांबवतो.

आधी प्रकृतीचं सांगते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे. डॉक्टरांनी आम्हां दोघांनाही पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली. ह्यांचं बीपी ताब्यात आहे, माझी साखर काठावर आहे. ह्यांच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. डोंगरात घामानं आधीच पाणी जातं, त्यात हे औषध, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी बदलून दिली आणि नव्या गोळीवर काही महिने काढून मगच मोठ्या चढाला जा म्हणाले. तसंच केलं. छातीत कळ येते, जिना चढताना दम कोंडतो, गुडघ्याची झीज फार झाली आहे, अशा माणसानं आमचं पाहून निघू नये, हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगते. तपासणीशिवाय डोंगराला हात लावायचा नाही, यात मी कुणाचीच भीड धरत नाही.

आता तुमचा दुसरा मुद्दा. ‘रामतीर्थापर्यंत रोज जाता ते पुरे नाही का?’ वन्सं, रामतीर्थ मला किती प्रिय आहे ते तुम्हाला माहीत आहे. हिरण्यकेशी तिथे कातळावरून खाली उडी घेते, पावसाळ्यात तिचा आवाज देवळात उभं राहिलं तरी बोलू देत नाही. रोज सकाळी आम्ही तिथवर जाऊन येतो आणि जात राहू. पण ती वाट इतकी ओळखीची आणि सरळ आहे, की आम्ही दोघं बरोबर असूनही आपापल्या विचारात चालतो. रामतीर्थाला जायला मला ह्यांची गरज लागत नाही, ह्यांना माझी लागत नाही. रांगण्याच्या गडावर जायला लागते. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याच्याच मागे आहे.

निवृत्तीनंतरचं ह्यांचं पहिलं वर्ष तुम्ही लांबून पाहिलंत, मी घरातून पाहिलं. आजरा आगाराची गाडी घेऊन हे वर्षानुवर्षं आंबोलीचा घाट उतरले. आषाढातल्या धुक्यात समोरचं दहा हातांवरचं दिसत नसताना गाडीभर माणसं सुखरूप सावंतवाडीला पोचवली. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या पावसात ह्यांनी उमेदीची वर्षं काढली. असा माणूस घरी बसला आणि प्रत्येकानं त्याच्या हातातलं काम काढून घ्यायला सुरुवात केली. मुलगा म्हणे, ‘बाबा, सिलिंडर मी उचलतो.’ सून म्हणे, ‘बाजार मी आणते.’ शेजारचा पोरगा दळण आणून द्यायला लागला. सगळं प्रेमापोटी, कुणाला दोष द्यावा असं काहीच नाही. पण वर्षभरात हे खुर्चीतून उठताना हातावर भार द्यायला लागले. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा माझंही तेच झालं. आमचं एकमेकांशी बोलणं ‘गोळी घेतली का’ आणि ‘लाईट बिल भरलं का’ इतक्यावर आलं होतं. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून गड चढायचं ठरवलं. सुरुवात आम्ही सामानगडावर केली. गडहिंग्लजजवळचा हा गड मी मुलांना किती वेळा शिकवला असेल! इंग्रजी अमलात गडकऱ्यांचे पिढीजात हक्क काढून घेतले गेले आणि १८४४ साली बंडाची ठिणगी इथेच पडली, हे फळ्यावर लिहून दिलं, पण गडावर पाऊल कधी ठेवलं नव्हतं. गाडी वरपर्यंत जाते. आम्ही पायथ्यापासून चालत गेलो. वरच्या कातळात खोदलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून कमानीखाली उभं राहिले तेव्हा आतला गारवा अंगावर आला आणि वाटलं, हे मुलांना आधी दाखवायला हवं होतं.

मग पारगड. चंदगड तालुक्याच्या टोकाला, खाली थेट कोकण आणि गोवा. तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथला पहिला किल्लेदार, आणि त्या काळच्या गडकऱ्यांच्या घराण्यांतली माणसं अजून गडावर नांदतात. खालून पायऱ्या चढताना आम्ही तीनदा बसलो. वरून डोक्यावर बोजा घेऊन माझ्याच वयाची एक बाई उतरत आली, आमच्याकडे बघून थांबली आणि कुठल्या गावच्या म्हणून विचारून पुढे गेली. तिच्या लेखी तो जिना होता, घरचा. डोंगर चढायचं वय असतं ही समजूत डोंगरात राहणाऱ्यांना माहीतच नाही.

रांगण्याचं मात्र सावकाश सांगते, कारण हिमालयाची हिंमत आम्हाला तिथे आली. गारगोटी, कडगाव, मग पाटगाव. पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे, तिथे माथा टेकून पुढे जायचं. भटवाडीनंतर गाडीचा उपयोग संपतो आणि रान सुरू होतं. हे रान आपल्या आजऱ्याच्या रानाचंच भावंड. गव्यांचा वावर. आपल्याकडे तर गेल्या वीसएक वर्षांत कर्नाटकाकडून हत्तीही यायला लागले, तेव्हा रानात शिरण्याआधी ‘टस्कर कुठं आहे?’ हे वनखात्याच्या माणसाला विचारायची आम्हाला सवयच आहे. रांगण्यालाही गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय आम्ही जात नाही. त्या झाडीत धनगरवाड्यांकडे जाणाऱ्या ढोरवाटा इतक्या फुटतात की अनोळखी माणूस दुपारपर्यंत गोल फिरत राहील.

पहिल्यांदा गेलो तेव्हा परतीचा पाऊस लांबला होता. वाटेतला एक ओढा फुगून तांबडा झाला होता. पाणी मांडीपर्यंतच असेल, आमच्यामागून आलेली तरुण पोरं हातात हात धरून पार झाली. हे काठावर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, ‘फिरायचं.’ मी काही न विचारता वळले. आमचा तसा करारच आहे. दोघांपैकी कुणीही ‘फिरायचं’ म्हटलं की फिरायचं, कारण घरी आल्यावर विचारायचं. घरी आल्यावर सांगितलं, ‘पाणी चढत होतं, दगडावरची खूण मी धरली होती. जाताना पार झालो असतो, येताना नसतो.’ माघार घेण्यात रांगण्याचा इतिहासच आमच्या पाठीशी आहे. १७०८ साली शाहू महाराजांच्या फौजेनं ताराबाईंना गाठायला रांगण्याला वेढा घातला, आत रामचंद्रपंत अमात्य गड लढवत होते, आणि पाऊस कोसळायला लागला तेव्हा त्या फौजेला वेढा उठवून परत जावं लागलं.  

थंडीत पुन्हा गेलो. चिक्केवाडीच्या पुढे वाट आधी खिंडीत उतरते आणि मग गडाची चढण लागते. उतार वाळक्या पानांनी झाकलेला, पानांखाली मुरूम, आणि मुरमावर बूट सरळ ठेवला की तो निघालाच. हे पुढे होते. काठी रोवायची, तिच्यावर थोडा भार टाकून बघायचं, मग पाऊल आडवं ठेवायचं, बोटं उताराकडे न करता कडेला. पाऊल बसलं की मागे न बघता सांगायचं, ‘डावीकडचा दगड हलतोय.’ मी तो दगड सोडून पाय टाकायचा. पुढे, ‘इथं मूळ आहे, धर.’ मी मूळ धरायचं. घाटात गाडी उतरवताना हे क्लीनरशी असेच बोलत असतील. इतकी वर्षं संसार केला, पण ह्या माणसाचं खरं काम मी पहिल्यांदा त्या उतारावर पाहिलं.

चढाला मी पुढे असते. मी पाढे म्हणत चढते, एकोणतीसचा आणि त्याच्या आसपासचे, जे शाळेत मुलांना नको असायचे. माझ्यामागून हे मोठ्यानं म्हणतात. पाढा सुरळीत चालला म्हणजे वेग बरोबर आहे. एकोणतीस सत्ते म्हणताना मध्येच श्वास घ्यावा लागला की थांबायचं, पाण्याचे दोन घोट घ्यायचे, पुन्हा निघायचं. डॉक्टर म्हणाले होते की चालताना बोलता आलं पाहिजे, त्याची आम्ही केलेली ही सोय. रांगण्याच्या दारांतून वर गेलो, रांगणाईच्या देवळासमोर बसून नाचणीची भाकरी आणि खर्डा खाल्ला, आणि कोकणाकडच्या माचीवर उभं राहून ह्यांनी खाली बोट दाखवलं. खाली त्यांचा रस्ता होता, ज्यावरून आयुष्य गेलं त्याच मुलुखातला. कितीतरी वेळ बोलत होते. कुठल्या वळणावर कुणाची गाडी अडकली, कुठे दरड आली, कुठल्या पावसात गाडीतच रात्र काढली. ह्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं, वन्सं. तुम्हालाही नसेल.

शरीराचं म्हणाल तर तयारीशिवाय काहीच होत नाही, आणि तयारी कंटाळवाणी असते. साठीनंतर स्नायू आपोआप झडत जातात. पण भार दिला तर ह्याही वयात ते पुन्हा धरतात, हे वैद्यकानं दाखवून दिलेलं आहे आणि आम्ही ते अंगावर पाहिलं. लोकांना चढाची भीती असते. गुडघे मोडतात उतारात, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळं वजन पेलावं लागतं. म्हणून रोज खुर्चीवर बसायचं ते हात न टेकता, शक्य तितक्या हळू, आणि तसंच उठायचं. पाठीवर पिशवीत आधी दोन किलो तांदूळ, मग चार. बूट मोठ्या सहलीआधी महिनाभर वापरून मऊ करायचे. पायाची नखं आदल्या दिवशी कापायची, नाहीतर उतारात अंगठे काळे पडतात. दोघांनी दोन-दोन काठ्या. पावसात जळवांसाठी मीठ आणि तंबाखूची पुडी. एकमेकांचे पाय रात्री कंदिलाजवळ घेऊन तपासायचे, फोड आलाय का, कुठे काटा राहिलाय का. लग्नानंतर आम्ही एकमेकांच्या पायांकडे इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

जुलैतल्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेबद्दल तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेलच. १६६० साली ज्या रात्री शिवाजी महाराज सिद्दीच्या वेढ्यातून निसटले आणि बाजीप्रभूंनी खिंड रोखली, त्या वाटेनं कोल्हापूरची माणसं दर वर्षी चालतात. दोन दिवस, पन्नासएक किलोमीटर, तेही भर पावसात. मसाई पठारावर धुकं असं उतरतं की पुढच्या माणसाचा रेनकोट तेवढा दिसतो, आणि पुढे तांबड्या चिखलात पाय पोटरीपर्यंत जातो. तिथे आम्ही सगळ्यांत मागे होतो. मागे राहिल्याचं वाईट वाटलं नाही, कारण शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते आणि वाडीवाडीत लोक चहा घेऊन उभे होते.

तुम्ही स्वतः माऊलींबरोबर आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालत गेला आहात, अडीचशे किलोमीटर, उन्हापावसात, उघड्यावर झोपून. तेव्हा तुमचं वय आज माझं आहे त्याच्याहून जास्त होतं. तेव्हा कुणी म्हणालं का, ‘वन्सं, ह्या वयात?’ आपल्याकडे म्हाताऱ्या माणसानं देवासाठी चाललेलं चालतं. नर्मदेची परिक्रमा करून आलेली निवृत्त जोडपी आपल्याच नात्यात आहेत, त्यांच्या पाया पडतो आपण. चालण्याचं बळ तर तेच आहे. डोंगरासाठी ते वापरलं की त्याला हट्ट का म्हणायचं, हे मला खरंच कळत नाही.

बाहेरचं एक उदाहरण देते. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल म्हणून तीन हजार किलोमीटरहून लांब अशी रानवाट आहे. १९५५ साली एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची बाई ती एकटी चालली. अकरा मुलांची आई, पायात कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. आणि २०२० साली नाशिककडच्या हरिहर किल्ल्याच्या त्या उभ्या कोरीव पायऱ्या चढून गेलेल्या ६८ वर्षांच्या आजींचा व्हिडिओ तुम्हीच मला पाठवला होता, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून! अशा बातम्यांवर ‘वयावर मात’ असा मथळा देतात, तो मला आवडत नाही. वय काही शत्रू नाही. वयामुळेच ह्यांना ओढ्याचं पाणी वाचता आलं.

आता संदकफू. ते पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण, ३,६३६ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे त्याच्या दुपटीहून वर. भारत आणि नेपाळच्या सीमेवरच्या सिंगालिला धारेवरून वाट जाते, आणि हवा स्वच्छ असली की वरून कांचनजंगा, एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू ही शिखरं दिसतात. जगातल्या पहिल्या पाचांतली चार! दोर लागेल असा कडा कुठेही नाही, तसल्या जागी आम्ही जाणारही नाही. तिथला धोका उंचीचा आहे आणि तो वय बघत नाही, विशीतल्या पैलवानालाही झोपवतो. म्हणून सावकाश चढायचं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच न्यायचा नाही, हा नियम. मानेभंजनहून निघून तुमलिंग, मग कालीपोखरी, मग संदकफू, असे मुक्काम त्या हिशेबानंच धरले आहेत, आणि एक दिवस जादा ठेवला आहे. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर वर जायचं नाही. चालताना तोल गेला किंवा पाढा चुकायला लागला तर त्याच क्षणी खाली.

आणि तुम्हाला धीर देणारी गोष्ट म्हणजे मानेभंजनपासून वरपर्यंत गाडीचा रस्ता आहे. जुन्या लँड रोव्हर गाड्या तिथे अजून चालतात. कुणाला त्रास झाला तर खाली आणायला गाडी मिळते, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानात स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. खरं सांगू का, कांचनजंगेइतकीच ह्यांना त्या लँड रोव्हरची ओढ आहे. एवढ्या उंचीवर, तसल्या रस्त्यावर त्या कशा चालवतात हे बघायचं आहे. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या ड्रायव्हरशी हे बोलत बसले तर मी सगळी शिखरं एकटी बघेन.

‘आपलं कोण आहे तिथे?’ असं तुम्ही विचारलंत. आम्ही एकमेकांचे आहोत, वन्सं. डोंगरात त्याचा अर्थ अगदी व्यवहाराचा असतो. माझ्या पिशवीत ह्यांच्या गोळ्या असतात, ह्यांच्या पिशवीत माझ्या, म्हणजे एकाची पिशवी दरीत गेली तरी दोघांचीही औषधं एकदम जात नाहीत. प्रत्येकाला दुसऱ्याचा डोस पाठ आहे.

दिवाळीला तुम्ही आणि भाऊजी आजऱ्याला या. सामानगडाला जाऊ. भाऊजींचा गुडघा दुखतो, तर त्यांना घेऊन हे गाडीनं वर जातील, तुम्ही आणि मी पायथ्यापासून चालू. येताना वारीतले बूट आणा, नवे घेऊ नका. ह्या पत्राबरोबर एक कागद जोडला आहे, त्यात कुठल्या रात्री कुठे मुक्काम, वाटाड्याचा आणि गाडीवाल्याचा नंबर, दोघांच्या औषधांची नावं, सगळं लिहिलं आहे. ज्या रात्री फोनला रेंज मिळण्याचा भरवसा नाही, त्यांच्यापुढे लाल पेनानं खूण केली आहे. त्या रात्री जागत बसू नका, झोपा. परतीच्या वाटेवर श्रीखोल्याला उतरून रेंज मिळाली की मुलाच्या आधी फोन तुम्हाला लावायचा, असं ह्यांनी मला बजावून ठेवलं आहे.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
आजरा